गाळात काय उतरतं: तलावाच्या तळातून जुनी झाडी आणि जुना पाऊस शोधायला सुरुवात कशी करावी

आखाजी (अक्षय्य तृतीया) आटोपली की आपल्याकडचे पाझर तलाव तळाला जातात आणि पाठोपाठ जेसीबी उतरतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आल्यापासून हे चित्र खानदेशात गावोगाव दिसतं. गाळ शेतात पडतो, हलक्या जमिनीचा कस सुधारतो, तलावात पाणी जास्त मावतं. चांगलंच काम आहे. मला काळजी एवढीच वाटते की त्या ट्रॉलीत गावाच्या झाडीची, वणव्यांची आणि कोरड्या वर्षांची नोंदही भरली जाते, आणि ती कोणी एकदाही पाहिलेली नसते.

अशाच एका उकरलेल्या तलावात मी खड्ड्याच्या भिंतीतून नमुने घेत होतो. काठावर शेळ्या घेऊन बसलेले एक बाबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “आठे पैले शिंदीसनं बन व्हतं.” आज त्या शिवारात शिंदीचं एक झाड नाही. महिनाभराने त्या भिंतीतला ६० सेंटीमीटर खोलीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा गव्हाच्या दाण्यासारखे लांबट, मधोमध एकच चीर असलेले बारीक कण दिसू लागले. माड-शिंदीच्या कुळातले परागकण असे दिसतात. ते शिंदीचेच, असं नुसत्या कणावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण बाबांचं बोलणं आणि ते कण एकत्र ठेवल्यावर माझी खात्री पटली. हे काम शिकायचं असेल तर याच क्रमाने शिका: आधी माणसं, मग आजची झाडं, मग गाळ.

हे जमतं कशामुळे

परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं. निसर्गातल्या सर्वांत चिवट सेंद्रिय पदार्थांपैकी तो एक. हवा न लागणाऱ्या ओल्या चिखलात हे कवच हजारो वर्षं टिकतं, आणि प्रत्येक कुळाची, काही वेळा प्रत्येक प्रजातीची घडण वेगळी असते. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली परागकणांच्या टक्केवारीचे आलेख मांडून दाखवले, तिथून या शास्त्राला आजचं रूप आलं. थरांवर थर साचत जातात, खालचा थर जुना आणि वरचा नवा, आणि प्रत्येक थरात त्या काळी आसपास फुललेल्या झाडांचे कण अडकतात. पुढची सगळी मेहनत हे वाक्य कुठे खरं ठरतं आणि कुठे फसवतं, ते ओळखण्याची आहे.

तलाव निवडताना

आदर्श जागा म्हणजे नैसर्गिक, बारमाही, खोल आणि मोठी नदी येऊन न मिळणारं पाणी. आपल्याकडे असं पाणी दुर्मीळ आहे. लोणारचं सरोवर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे शेजारी. खानदेशात बहुतेक तलाव माणसाने बांध घालून केलेले आहेत. मेहरूण, नकाणे, हरताळा, तोरणमाळचा यशवंत तलाव, ही नावं तुमच्या डोळ्यांसमोर येतीलच. बांधलेल्या तलावातून बांधाच्या वयाइतकाच इतिहास मिळतो. तो कमी समजू नका. शंभर-दीडशे वर्षांचा चांगला, तारखा लागलेला गाळ हा दहा हजार वर्षांच्या विस्कटलेल्या गाळापेक्षा मोलाचा, असं माझं मत आहे, आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

आता खानदेशची खास अडचण. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. शेतातल्या भेगेत आख्खा हात जातो हे तुम्ही पाहिलंय. दर वर्षी आटणाऱ्या तलावाच्या तळालाही तशाच भेगा पडतात, वरचा नवा कचरा, बिया, परागकण त्यातून खाली घरंगळतात, आणि पहिल्या पावसात माती फुगून भेग मिटते. भेग मिटली की वरून काहीच कळत नाही, पण ५० सेंटीमीटर खोलीवर कालचं गाजरगवत बसलेलं असतं. शिवाय गाळ वाळला की हवा शिरते आणि परागकण कुजतात. म्हणून गावात पहिला प्रश्न विचारा: हा तलाव किती वेळा पूर्ण आटतो? ७२ च्या दुष्काळात आटला होता का? दुसरा प्रश्न: गाळ कधी, कुठून आणि किती काढला? तिसरा: बांध कधी घातला, कधी फुटला, कधी वाढवला? उत्तरं वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढे आलेखात एखादी विचित्र उडी दिसली की ही वही सूक्ष्मदर्शकापेक्षा जास्त कामाला येते.

परवानगीचं लवकर बघा. पाझर तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते ग्रामपंचायतीत कळतं, मोठ्या तलावासाठी पाटबंधारे खातं, सातपुड्यात वन विभाग. मासेमारीचा ठेका असेल तर मच्छीमार संस्थेला सांगितल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका. त्यांच्याइतका तळ कोणालाच माहीत नसतो, आणि होडीही त्यांचीच लागते.

कोअर काढण्याआधी आजचा चिखल

कोअर म्हणजे तळात पाईप ठोकून उभा काढलेला गाळाचा दांडा. तो काढण्याआधीची ही पायरी बहुतेक नवशिके गाळतात आणि पुढे सगळे निष्कर्ष डळमळतात. म्हणून इथे थोडा थांबतो.

जळगाव जिल्ह्याचं नाव घेतलं की केळी आणि कापूस. आता कल्पना करा, हजार वर्षांनी कोणी रावेर-यावलच्या एखाद्या तळ्याचा गाळ उकरून आपल्या काळातले परागकण मोजतोय. त्याला केळी दिसणारच नाही. लागवडीची केळी बहुतांशी वांझ, आणि केळीच्या कुळाच्या परागकणाचं कवच इतकं पातळ असतं की ते गाळात टिकत नाही. कापसाचा कण मोठा, काटेरी, जड. तो कीटकांच्या अंगाला चिकटून जातो, वाऱ्यावर फारसा उडत नाही. म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेली दोन पिकं गायब, आणि आलेखात दिसणार गवत, राजगिऱ्याच्या कुळातलं तण आणि चार वाऱ्यावर उडणारी झाडं. तो म्हणेल, इथे मोकळं माळरान होतं!

जंगलातही तेच. सागाचं परागीभवन कीटक करतात, त्यामुळे सागाच्या दाट रानातल्या चिखलातही सागाचे कण फार थोडे सापडतात. वावळ वाऱ्यावर पराग सोडतो, चार झाडं असली तरी आलेखात ठळक दिसतो. मग सागाचे दोन टक्के कण सापडले तर साग कमी होता म्हणायचं की भरपूर? याचं उत्तर पुस्तकात शोधू नका, तुमच्या शिवारात आहे. अंजनाच्या रानातून, सलईच्या टेकडीवरून, केळीच्या बागेशेजारून, कापसाच्या शेतातल्या डबक्यातून, गुरांच्या पाणवठ्यावरून वरच्या एक सेंटीमीटर चिखलाचे नमुने गोळा करा. तोरणमाळसारख्या थंड जागी दगडावरच्या शेवाळाचे गुच्छे मिळतात, तेही उत्तम. प्रत्येक ठिकाणी ५० मीटरच्या परिघात कोणती झाडं किती आहेत, ते मोजून लिहा. असे वीस-पंचवीस नमुने झाले की कोणतं झाड गाळात किती उतरतं, याचा तुमचा स्वतःचा हिशोब तयार होतो. जुन्या थरातल्या टक्केवारीला अर्थ येतो तो या हिशोबामुळे.

सोबतच ओळखीच्या काचपट्ट्या बनवा. उमलायच्या बेतातली कळी घ्या, परागकोश काढा, स्लाइड करा, त्यावर झाडाचं नाव, जागा आणि तारीख लिहा. पळस फाल्गुनात, मोह चैत्रात, साग पावसाळ्यात, असं वर्षभर हे चालू राहतं. बाभळीचे कण पहिल्यांदा पाहाल तेव्हा हरखून जाल: ते सुटे नसतात, साधारण सोळा कणांचा एक गोल गठ्ठा, लाडवासारखा. वेड्या बाभळीचे मात्र सुटे सुटे. ही वेडी बाभूळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आली, म्हणून ओळख पक्की असेल तर तिचे कण ज्या थरात सुरू होतात तो थर त्याहून जुना असू शकत नाही. मका अमेरिकेतून आला, त्याचा कण ८० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर, भलामोठा. तो दिसला की आपण युरोपीय लोक समुद्रमार्गाने आल्यानंतरच्या काळात आहोत. गाजरगवत पुण्याकडे १९५० च्या दशकात नजरेत आलं आणि मग सगळीकडे पसरलं. अशा खुणा फुकटच्या तारखा असतात. मात्र आधीचा भेगांचा मुद्दा विसरू नका. एकुलता एक कण म्हणजे पुरावा नव्हे.

कोअर काढणे

पाण्यातून गाळ काढायला लिव्हिंगस्टन पिस्टन कोअरर, दलदलीसाठी रशियन कोअरर अशी यंत्रं असतात. ती विद्यापीठातून किंवा संशोधन संस्थेकडून मागून आणावी लागतात. सुरुवातीला साधा ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप पुरतो. जळगाव-धुळ्यात पाईपला तोटा नाही. खालची कड कानशीने तिरकी धारदार करा, पाईप उभा धरून हातोड्याखाली लाकडी ठोकळा ठेवून ठोका, वरचं तोंड पाणी भरून घट्ट बंद करा आणि मग सावकाश ओढा. वरून बंद केल्याने आत पोकळी धरली जाते आणि गाळ खाली सुटत नाही. ठोकताना गाळ दबतो, म्हणून पाईप किती खोल गेला आणि आत प्रत्यक्षात किती गाळ आला, दोन्ही मोजून लिहा.

वर कोणतं टोक, हे बाणाने पाईपवर लगेच काढा. माझा एक कोअर याच एका चुकीने वाया गेला: पावसाची सर आली, घाईत पाईप गाडीत टाकले, आणि घरी पोचल्यावर वर-खाली कळेना. त्या दिवसापासून पाईप ठोकण्याआधीच मी त्यावर बाण कोरतो.

तलाव कोरडा असेल तर खड्डा खणणं अधिक चांगलं. एक भिंत खुरप्याने उभी, सरळ तासून घ्या, टेप लावून फोटो काढा आणि नमुने खालून वर घेत या, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही. प्रत्येक नमुन्यानंतर खुरपं धुवा.

ओल्या गाळात एकट्याने कधीही उतरू नका. तलावाचा तळ कडक दिसतो आणि मांडीपर्यंत पाय रुततो. लाईफ जॅकेट, दोर आणि काठावर एक जाणता माणूस, याशिवाय काम सुरू करायचं नाही. छातीएवढ्या खोल खड्ड्यातही भिंत ढासळते, म्हणून कंबरेखाली जायचं तर पायऱ्या पाडत जा.

घरी आल्यावर पाईप फ्रिजच्या तापमानात, ४ अंशांच्या आसपास, आडवा ठेवा. गोठवू नका. उभा चिरताना एक अर्धा भाग तसाच राखून ठेवा. त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या अर्ध्या भागाचं वर्णन करा: रंग, पोत, वाळूचे पट्टे, शिंपले, मुळं, कोळशाचे ठिपके, भेग बुजल्याची उभी खूण. हे वर्णन उघडल्याबरोबर करा. हवा लागली की तासाभरात रंग बदलतो.

वय ठरवणे

वय नसलेला कोअर म्हणजे पानांवर क्रमांक नसलेली वही. विलर्ड लिबी आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये कार्बन-१४ ची पद्धत सिद्ध केली. अर्धायुष्य, म्हणजे निम्मा कार्बन-१४ उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं, म्हणून साधारण ५०,००० वर्षांपर्यंत ती चालते. शेवटच्या दोन-तीनशे वर्षांत मात्र ती अडखळते. तिथे शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं वापरतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांचा गाळ त्यावर छान बसतो. सीझिअम-१३७ चं शिखर १९६३ च्या सुमारास येतं, कारण तेव्हा हवेतल्या अणुचाचण्यांचा राख-कचरा सर्वाधिक पडत होता. आपल्या बहुतेक तलावांना ही शेवटची दोनच लागतील.

कार्बन-१४ साठी सबंध चिखल पाठवण्यापेक्षा चिखलातलं पान, बी किंवा काडी वेचून पाठवा. आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. त्यातला जुना कार्बन पाण्यात विरघळून शिंपल्यात आणि पाणवनस्पतीत शिरतो आणि वय खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. जमिनीवरच्या झाडाच्या पानाला हा दोष नाही. दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था अशा ठिकाणी वय काढण्याची सोय आहे. अहवालात ‘आजपूर्व’ लिहिलेलं असेल तर तो आज म्हणजे १९५०, हे लक्षात ठेवा. निकाल कॅलेंडरच्या वर्षांत बदलून घेतलेला आहे का, तेही विचारा, कारण कार्बनची वर्षं त्यांच्याशी तंतोतंत जुळत नाहीत. एकाच आलेखात दोन्ही प्रकारची वर्षं मिसळलेली मी छापील मजकुरातही पाहिली आहेत.

प्रयोगशाळेत

पूर्ण पद्धतीत हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरून वाळू-मातीचे सिलिकेट विरघळवतात आणि नंतर अॅसिटोलिसिस करतात, म्हणजे ९ भाग अॅसेटिक अॅनहायड्राइड आणि १ भाग सल्फ्युरिक आम्ल. हायड्रोफ्लोरिक आम्ल हातावर सांडलं तर आधी फारसं दुखतही नाही आणि आतलं हाड-मांस जळत जातं. ते कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत आणायचंच नाही. अॅसिटोलिसिसचं मिश्रणही पाण्याशी जोरात भडकतं, म्हणून ते फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), शिकवणारा माणूस शेजारी असतानाच करायचं. नवशिक्याने एक घन सेंटीमीटर गाळ १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करावा, १५० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून मोठा कचरा काढावा, मग १० मायक्रॉनच्या जाळीवर बारीक चिकणमाती धुऊन टाकावी. स्लाइड थोडी मळकट दिसेल, पण मोजणी होते.

सुरुवातीलाच लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाका. त्यात बीजाणूंची संख्या ठरलेली असते. ज्वारीच्या पोत्यात १,००० लाल रंगवलेले दाणे मिसळले आणि मूठभर काढल्यावर १० लाल आणि ५०० पांढरे निघाले, तर पोत्यात सुमारे ५०,००० पांढरे दाणे असणार, तोच हिशोब. हे का करायचं? टक्केवारी फसवते. गवत वाढलं की सागाची टक्केवारी घसरते, साग एकही कमी झालेला नसला तरी. खरी संख्या माहीत असली की ही फसगत टळते.

४०० पट मोठं करून प्रत्येक थरात किमान ३०० कण मोजा. एका थराला नवख्या माणसाला पूर्ण दिवस लागतो. लागू द्या. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी १’ असं लिहून चित्र काढा, अंदाज ठोकू नका.

पराग एकटा पुरत नाही

जिथे पराग कुजले तिथे फायटोलिथ टिकतात. झाड मातीतून सिलिका ओढून पेशींमध्ये साठवतं, झाड कुजल्यावर त्या पेशींचे काचेचे साचे मातीत उरतात. हरळीच्या गटातल्या, कोरड्या माळावरच्या गवतांचे साचे खोगिरासारखे. ज्वारी-मक्याच्या गटातले डमरूसारखे. आणि केळीचे? ज्वालामुखीच्या तोंडासारखे, खड्डा असलेले छोटे सुळके. परागकणांतून गायब झालेली आपली केळी इथे पुन्हा हाती लागते. पहिल्यांदा तो आकार दिसला तेव्हा मी शेजारच्या वर्गातल्या मुलांना बोलावून दाखवला होता.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गाळ १०५ अंशांवर वाळवून, मग ५५० अंशांच्या भट्टीत जाळून वजन केलं की सेंद्रिय भाग कळतो. ९५० अंशांवर पुन्हा जाळलं की चुन्याचा अंदाज येतो. आपल्या बेसॉल्टच्या मातीत मॅग्नेटाइट भरपूर, म्हणून चुंबकीय मोजणीत उंची दिसली तर वरच्या शिवारातून माती वाहून आली असं समजायला जागा आहे. १२५ मायक्रॉनपेक्षा मोठे कोळशाचे तुकडे जवळच्या वणव्याची खूण. शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू वाढले तर गुरं-मेंढरं वाढली असावीत. पाणकणसाचे पराग वाढले तर काठ उथळ होत चालला असेल. कार्बन-१३ चं प्रमाण ज्वारी-बाजरी-मक्यासारख्या गवतांत आणि झाडांत वेगळं असतं, तेही प्रयोगशाळेतून काढून घेता येतं.

अर्थ लावताना

झाडी घटलेली दिसली की ‘पाऊस घटला’ म्हणायचा मोह होतो. खानदेशात त्याआधी कुऱ्हाड आणि नांगर आठवा. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात इथल्या कापसाला भाव आला आणि त्याच दशकात रेल्वे आली. त्या थरात झाडं कमी झाली असतील तर दोष ढगांना लगेच देऊ नका. पाऊस खरंच घटला असेल तर तो एकट्या परागात दिसणार नाही; क्षार, डायटम (काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शैवालं), गाळाचा पोत, सगळे एकाच दिशेला बोट दाखवतील.

लोणारचं उदाहरण अभ्यासा. तिथल्या सुमारे १० मीटरच्या कोअरमध्ये पाणी आटून खारट झाल्यावर तयार होणारे गेलुसाइटचे स्फटिक ठरावीक थरांत सापडले, आणि इतर पुराव्यांशी जुळवून अभ्यासकांनी ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे दोन लांब कोरडे कालखंड मांडले. आता तापी खोऱ्यातली सावळदा, कवठे, प्रकाशे आणि गिरणाकाठचं बहाळ ही ताम्रपाषाणयुगीन गावं नकाशावर ठेवली की दोन्ही लगेच जोडून टाकावीशी वाटतात. इथे राजस्थानातली गोष्ट लक्षात ठेवा. गुरदीप सिंग यांनी १९७० च्या दशकात तिथल्या खाऱ्या सरोवरांच्या परागांवरून सिंधू संस्कृती आणि पाऊसमान यांचा संबंध मांडला. काम पायाभूत होतं. पण १९९९ मध्ये लुणकरणसरच्या गाळाची नवी वयं आली तेव्हा दिसलं की ते सरोवर सिंधू शहरांच्या भरभराटीआधीच आटलं होतं. तारखा नीट बसल्याशिवाय जोडाजोड करू नये, हे त्या सरोवराने सगळ्यांना शिकवलं.

यंदा मोठं यंत्र मिळालं नाही, पैसे जमले नाहीत, तरी एक काम लगेच करता येईल. तुमच्या गावात गाळ काढायचा ठराव झाला की जेसीबीच्या आदल्या दिवशी तलावात जा. मधल्या खोल भागात कंबरेएवढा खड्डा घ्या, भिंत तासा, एक मीटर पीव्हीसी पाईप उभा चिरून त्याचा अर्धा भाग भिंतीत दाबून बसवा आणि मागून माती कापून तो गाळासकट बाहेर काढा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. वरच्या टोकाला बाण, गावाचं नाव, तलावाचं नाव, तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश आणि खोली लिहून जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र किंवा भूगोल विभागात नेऊन द्या. काठावर म्हातारी माणसं भेटली तर त्यांनी काय सांगितलं, तो कागदही त्याच गुंडाळीत ठेवा.